मॅन्युअलमधला कम्प्रेसर

११ मे, सोमवार

गाडीचा ए.सी. आज गेला. तोही हॉस्पिटलमधून परतताना, सराय काले खाँच्या जाममध्ये, भर दुपारी. आधी कर्र असा आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग भट्टीतून यावा तसा वारा. काच उघडावी तर बाहेर ट्रकचा धूर आणि धूळ, आणि माझ्या शेजारी नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन बसलेला नवरा. काच लावावी तर आत तंदूर. डॉक्टरांनी धूळही नको म्हटलंय आणि ऊनही नको म्हटलंय. दोन्ही एकदम पाळता येत नव्हतं. मी काच बंद ठेवली. मयूर विहारला पोचेपर्यंत दत्ताच्या ओठांचा रंग उडाला होता.

दर सोमवारी हेच आहे. त्याच्या फुप्फुसाभोवती पाणी साठतं. सोमवारी सुई घालून काढतात, गुरुवारपासून पुन्हा भरायला लागतं, रविवारी तो बसूनच झोपतो. एक सोमवार चुकला तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं. मी म्हटलं, चुकणार नाही.

दत्ता केंद्राच्या पाणी खात्यात इंजिनिअर होता. धरणांच्या पातळ्या बघण्यात जन्म गेला. ‘आता माझीच…’ एवढं म्हणून तो हसतो. पुढचं मी पूर्ण करते. एक तर त्याला दम लागतो, आणि दुसरं म्हणजे तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर अर्धवट वाक्य माझ्याच्याने ऐकवत नाही.

संध्याकाळी म्हणाला, ‘वासंती, त्यातला कम्प्रेसर…’

‘गेला असणार. कळलं मला. तू बोलू नकोस.’

१२ मे, मंगळवार

पटपडगंजचा गॅरेजवाला बंटी येऊन गेला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्वतःला बंटी म्हणवून घ्यावं हे दिल्लीतच चालतं. बॉनेट उघडून, टॉर्च दातात धरून त्याने निदान केलं. ‘कम्प्रेसर जाम है मैडम. नया तो भूल जाओ. कंपनी ने गाड़ी बनाना बंद कर दिया. करोल बाग़ से पुराना ले आओ, मैं फिट कर दूँगा.’

कम्प्रेसर म्हणजे ए.सी.चा गॅस दाबणारा पंप, एवढं मला कळलं. दुसऱ्या कुणाच्या मोडक्या गाडीतला पंप आमच्या गाडीत बसवायचा ही कल्पनाच मला किळसवाणी वाटली. पण कंपनीच्या दोन डीलरांना फोन केले. एकाने नंबर लिहून घेतला, दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नीरजाचा गुरुग्रामहून फोन आला. ‘आई, प्लीज यार, किती दिवस ती गाडी? चौदा वर्षं झाली तिला. पुढच्या वर्षी पंधरा भरली की नियमाने तशीही भंगारात जायची आहे. कॅब करत जा ना.’

मी म्हटलं, कॅब येत नाहीत. होकार देतात आणि पाच मिनिटांनी रद्द करतात.

‘तुझं रेटिंग बघितलंस का कधी?’

‘माझं? मी त्यांना देते.’

‘तेही आपल्याला देतात, आई.’

ज्यांना गाडी पुसता येत नाही, मीटरभर सरळ चालवता येत नाही, ती माणसं मला मार्क देतात! मी तिला विचारलं, किती दिलेत? तिने सांगितलं नाही.

१४ मे, गुरुवार

लिफ्टमध्ये बुद्धभूषण भेटला. वरच्या मजल्यावर राहतो, मूळ नागपूरचा, लोदी रोडला सरकारी हापिसात आहे. माणूस सभ्य, पण बोलायच्या आधी इतकी प्रस्तावना करतो की मजला येऊन जातो. ‘काकू, मी काय म्हणत होतो, काकांच्या गाडीचं ऐकलं. तो कम्प्रेसर आहे ना, तो मुळात…’

मी म्हटलं, ‘थँक यू, बुद्धभूषण. माझं मी बघते आहे.’ आणि दार उघडलं.

त्याच्या बायकोने, क्रांतीने, मागच्या आठवड्यात पाटवड्यांचा डबा पाठवला होता. तो अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि भरून द्यायला काही करायचं त्राण नाही. शेजाऱ्यांचे उपकार असेच चढत जातात.

दत्ता रात्रीपासून तीन उशा मागतो आहे. दुपारी म्हणाला, ‘बुद्धभूषणला… विचार…’

‘त्याची गाडी मागायची नाही,’ मी म्हटलं. ‘आपली होईल दुरुस्त सोमवारपर्यंत.’

त्याने हात हलवला. हो म्हणाला की नाही म्हणाला कळलं नाही.

१५ मे, शुक्रवार

आज सगळा अभ्यास केला. जुना कम्प्रेसर घेताना काय काय जुळवून बघायचं, ते गाडीच्या मॅन्युअलमधून आणि मोबाईलवरून काढलं. गाडीचं साल आणि इंजिन पेट्रोल की डिझेल, कारण दोन्हींचे कम्प्रेसर वेगळे. कम्प्रेसरवरच्या पट्टीवरचा नंबर. पट्टा बसतो त्या चाकाच्या खाचा. बोल्टची भोकं. पाइपांची तोंडं कुठल्या दिशेला. वायरचा प्लग. आत कुठलं तेल चालतं. चाक हाताने फिरवून बघायचं, अडकायला नको. आतल्या तेलाला जळका वास यायला नको. मॅन्युअल आम्ही गाडी घेतल्यापासून कव्हर घालून ठेवलेलं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही. ते मी अजून पाळते.

बंटीला फोन केला. तो म्हणतो, गाडी आज सोडून जा, जुना खोलून देतो, तो घेऊन करोल बागला जा. वा! गाडी खोलून ठेवायची, म्हणजे रात्री दत्ताला न्यायची वेळ आली तर मी काय करायचं? ए.सी. नसला तरी चाकं आहेत. शिवाय एकदा खोलली की मी त्याच्या तावडीत. मी सांगितलं, मला नंबर माहीत आहे, छापील.

‘छपा हुआ अलग बात है मैडम,’ म्हणाला.

या देशाचं जे झालं आहे ते या एका वाक्यात आहे.

१६ मे, शनिवार

मेट्रोने करोल बागला गेले. क्रांती दत्ताजवळ बसायला आली. तिला डब्याबद्दल काही बोलले नाही.

स्पेअर पार्ट्सच्या त्या गल्ल्या म्हणजे गाड्यांचं शवागार आहे. दारं एकीकडे, आरसे एकीकडे, दिवे दोरीला टांगलेले. मला सापडलेला दुकानदार कपाळाला गंध, कानात इअरफोन, गादीवर मांडी घालून बसलेला. पहिलंच वाक्य, ‘पुराना पीस लाई हैं, माताजी?’

मी म्हटलं, माताजी नाही, मॅडम. आणि नंबर पुढे केला.

‘नंबर से दे दूँगा. पर गाड़ी में क्या लगा है, वो तो गाड़ी जाने.’

‘गाड़ी में वही लगा है जो कंपनी ने लगाया है. गाड़ी एक ही घर में रही है.’

‘फिर तो ठीक है,’ म्हणाला, आणि आत कुणालातरी ओरडला. तीन काढून आणले. एकाचं चाक फिरताना खरखर झाली, तो परत. एकाचं तेल काळं आणि जळकं, तो परत. तिसरा स्वच्छ निघाला. नंबर अक्षर न् अक्षर जुळला. भोकं, प्लग, तोंडं, सगळं मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे. दुकानदार म्हणाला, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा.’ मी म्हटलं, जरूर पडणार नाही.

खूप दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर तो पंप तसाच दत्ताच्या पलंगावर वर्तमानपत्र घालून ठेवला. तो उशांना टेकून बसला होता. त्याने बोट फिरवून चाकावरच्या खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मागची भोकं चाचपली.

‘हा…’ म्हणाला.

‘हाच. नंबर बघ. एकही आकडा इकडचा तिकडे नाही.’

त्याने मान हलवली, तोंड उघडलं, आणि खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली. म्हटलं, शाबासकी सोमवारी दे, गार गाडीत बसून. तो माझ्याकडे बघत राहिला, मग डोळे मिटून घेतले. थकला होता.

१७ मे, रविवार

माझा विश्वास बसत नाही की ही माणसं असं करू शकतात.

सकाळी गाडी बंटीकडे दिली. दुपारी फोन, ‘मैडम, आ के देख लो.’ गेले. जुना पंप काढून ठेवलेला, इंजिनच्या कडेला एक ओबडधोबड लोखंडी पट्टी वेल्ड केलेली. आमचा नवा पंप तिच्यावर तिरका धरून त्याने दाखवलं. भोकं एकावर एक येत नाहीत. चाकाच्या खाचा पट्ट्यापेक्षा कमी. पाइपाचं तोंड भलतीकडे.

‘इसमें तो किसी और गाड़ी का कम्प्रेसर लगा था. जुगाड़ है, पुराना.’

मी सरळ विचारलं, ओरिजिनल कुठे विकलास? मागच्या सर्व्हिसिंगला गाडी दोन दिवस तुझ्याकडे होती. तो आधी हसला, मग लाल झाला. ‘मैडम, ज़बान संभाल के.’ मी म्हटलं, मी आयुष्यभर जबान सांभाळायलाच शिकवलंय, तुझ्यासारख्यांनाही. त्याने पाना खाली टाकला आणि म्हणाला, आपली गाडी घेऊन जा. पट्टा काढलेला, गॅस उडालेला, अर्धं इंजिन ट्रेमध्ये. घेऊन कशी जाणार? तशीच ठेवून आले.

दत्ताला सगळं सांगितलं. तो ऐकताना मान हलवत होता, नाही नाही. मी म्हटलं, हो, तुला खरं वाटणार नाही, तू साऱ्या जगावर विश्वास ठेवतोस. चौदा वर्षांत एकदाही बाहेरचा स्क्रू लावू दिला नाही आपण, आणि हा माणूस वेल्डिंग करून ठेवतो! त्याने माझं मनगट धरलं. ‘ऐक… मी…’

‘झोप. उद्या कॅब करू.’

तो आज रात्रभर बसूनच आहे. श्वासाचा आवाज दुसऱ्या खोलीत येतो.

२० मे, बुधवार

सोमवारचं लिहिते. पोलिसांतली तक्रार वेगळी लिहून दिली आहे, पण त्यांनी ती हिंदीत, चार ओळींत उतरवून घेतली.

तीन कॅब रद्द झाल्या. चौथी आली. बारापुल्ला उड्डाणपुलाच्या चढावर ड्रायव्हरने ए.सी. बंद केला. म्हणे गाडी गरम होते, पूल उतरलो की लावतो. मी म्हटलं, पैसे ए.सी.चे घेतोस, पेशंट आहे, आत्ता लाव. तो पुटपुटला. मी म्हटलं, मोठ्याने बोल. मग त्याच्या सीटमागे लावलेलं नाव आणि परवान्याचा नंबर मी त्यालाच खणखणीत वाचून दाखवला, आणि सांगितलं की आजच्या आज तुझं लायसन्स जाईल.

त्याने पुलावरच कडेला गाडी लावली. ‘उतरो. दूसरी कर लो.’ किल्ली काढून बाहेर जाऊन उभा राहिला.

दत्ताने काय करावं? काच खाली करून त्या माणसापुढे हात जोडले. आयुष्यभर ज्याच्यापुढे कंत्राटदार उभे राहत, त्या माणसाने. ‘भाई साहब…’ म्हणाला. ड्रायव्हर एक पाऊल पुढे आला, म्हणाला, ‘अंकलजी, आपके लिए…’ तेवढ्यात माझा पोलिसांच्या एकशेबाराला फोन लागला आणि मी गाडीचा नंबर सांगायला लागले. तो ऐकून फिरला. दत्ताला मी म्हटलं, हात खाली कर, भीक मागायची नाही.

ऊन काचेतून सरळ त्याच्या मांडीवर पडत होतं. मी माझा पदर धरला. फोनवरची बाई मला पुन्हापुन्हा विचारत होती, कुठला खांब. पुलाच्या खांबाचे नंबर मला काय माहीत?

बुद्धभूषण आला, पोलिसांच्या आधी. हापिसातून तसाच, गळ्यात ओळखपत्र. त्याला दत्ताने फोन केला होता, मी बोलत असताना. काय बोलला असेल, कसा बोलला असेल, देव जाणे. बुद्धभूषणने त्याला लहान मुलासारखं उचललं आणि आपल्या गाडीत ठेवलं. आत गारवा होता.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. घशात नळी घातली आहे. आय.सी.यू.मध्ये दिवसातून दोनदा सोडतात.

ड्रायव्हरचं लायसन्स गेलेलं नाही.

२३ मे, शनिवार

नीरजा आली आहे. तिला पुलावरचं सगळं सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘बाबांनी फोन केला ते बरं झालं.’ मी म्हटलं, पोलिसांना मीच केला होता.

दुपारी व्हरांड्यात बुद्धभूषण शेजारी बसला. नेहमीची प्रस्तावना सुरू झाली आणि आज कुठे जायचं नव्हतं म्हणून मी ऐकली. तुम्ही पुण्याला होता, तुमच्या आईच्या आजारपणात, तेव्हा काकांच्या गाडीचा ए.सी. असाच गेला होता. आम्ही दोघं करोल बागला गेलो. या गाडीचा मिळाला नाही, दुसऱ्या एका गाडीचा मिळाला, मोठा. तिकडेच एकाने पट्टी वेल्ड केली, चाक बदललं, पाइप वळवला. काका दिवसभर उन्हात उभे, खूश होते पोरासारखे. छोले-कुलचे खाल्ले आम्ही.

‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘काका म्हणाले, काकूंना नको सांगू बाप्पा, त्यांना कंपनीचंच लागते.’

‘आणि तू? परवा तुलाही सांगता आलं नाही?’

‘सांगत होतो ना काकू. लिफ्टमध्ये.’

म्हणजे बंटीने काही विकलं नव्हतं. तरी त्याने ज्या शब्दांत मला उत्तर दिलं ते मी विसरणार नाही.

नळी घातलेला दत्ता आज माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मला कळलंय कम्प्रेसरचं. त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. नर्स म्हणाली, औषधाने होतं तसं.

२७ मे, बुधवार

बंटीकडे नीरजा गेली. काय बोलली माहीत नाही. तिथून बुद्धभूषण जुना पीस पोत्यात घालून घेऊन आला आणि आम्ही दोघं करोल बागला गेलो. तोच दुकानदार. ‘लाई हैं पुराना पीस, मैडम?’ या खेपेला मॅडम म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. जुना गादीवर ठेवला, शेजारी एकेक आणून लावून बघितला. पाठीला पाठ, भोकाला भोक. बरोबर निघाला तो दिसायला सगळ्यांत घाणेरडा होता. त्याच्यावर नंबरची पट्टीच नव्हती.

संध्याकाळी बंटीने बसवला. जुन्या पाइपांतला कचरा धुऊन काढला, नवं तेल, गॅस. मी स्टूलवर बसून होते, एक शब्द बोलले नाही. शेवटी हात पुसत म्हणाला, ‘साहब कैसे हैं?’ मी म्हटलं, ‘ठीक.’

आतून असा वारा आला की हातावर काटा उभा राहिला.

२९ मे, शुक्रवार

नळी काढली. तो स्वतः श्वास घेतो आहे, थोडा थोडा.

डॉक्टर तरुण आहे, नीरजापेक्षाही लहान असेल. मी विचारलं, सोमवारची सुई आता केव्हापासून? तो म्हणाला, ‘मॅम, ॲट दिस स्टेज…’ आणि थांबला.

मी म्हटलं, वाक्य पूर्ण करा.

त्याने केलं.

३० मे, शनिवार

दत्ताला घरी आणलं. गाडी मीच चालवली. नीरजा सिलिंडर धरून मागे, तो माझ्या शेजारी. निघण्याआधी खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू करून आतून पूर्ण गार करून ठेवली होती. सीटला हात लावून बघितला, थंडगार. बारापुल्लाच्या चढावरही गारवा तसाच. मी म्हटलं, बघ, पंप एकदाही दमला नाही.

पूल उतरल्यावर तो म्हणाला, ‘थंडी वाजते…’

मी पुढचं बोलणार होते, की बाहेर पंचेचाळीस आहे, धूळ आहे, याच्यासाठी मी काय काय केलं. बोलले नाही.

‘बंद… कर. काच…’

मागून नीरजा म्हणाली, ‘आई, धूळ.’ मी ए.सी. बंद केला आणि त्याच्या बाजूची काच खाली केली. लू आत आली, डिझेलचा वास, रस्त्याकडेच्या भाजलेल्या कणसांचा वास. त्याने तोंड वाऱ्याकडे केलं. यमुनेच्या पुलावर हात बाहेर काढून ठेवला, लहानपणी नीरजा ठेवायची तसा. तिला मी त्याबद्दल नेहमी ओरडायचे.

१ जून, सोमवार

कुठे जायचं नव्हतं.

सकाळी क्रांतीचा डबा रिकामाच परत दिला. तिने काही वाटून घेतल्यासारखं दिसलं नाही. नुसती आत येऊन दत्ताच्या पायाला हात लावून गेली.

पाणी पुन्हा भरतं आहे. मला आता ऐकून कळतं. डॉक्टरांनी थेंब दिले आहेत जिभेखाली ठेवायला. त्याने घाबरं व्हायला होत नाही म्हणाले.

दुपारी नीरजा झोपली होती. पडदे ओढलेले. तो म्हणाला, ‘वासंती… गाडीचं… सांगायचंय.’

मला सगळं माहीत आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पुणं, बुद्धभूषण, वेल्डिंग, छोले-कुलचे. मी खुर्ची त्याच्या तोंडाजवळ ओढली आणि म्हटलं, ‘सांग.’

‘तू… पुण्याला… होतीस,’ त्याने सुरुवात केली. मग श्वास. मग ‘उन्हाळा…’ मग बराच वेळ श्वास. दुकान. पट्टी. वेल्डरच्या ठिणग्यांनी त्याच्या शर्टला भोक पडलं होतं; तो शर्ट मी उंदराने कुरतडला म्हणून टाकून दिला होता. हे मात्र बुद्धभूषणने सांगितलं नव्हतं. हे सांगताना त्याला हसू आलं आणि हसण्याने खोकला आला, आणि मी पाठ चोळेपर्यंत तो कुठे थांबला होता ते विसरून पुन्हा उन्हाळ्यापासून सुरू झाला.

जिथे जिथे वाक्य तुटलं तिथे पुढचा शब्द मला येत होता. मी तो दिला नाही.

दहा मिनिटांची गोष्ट होती. सांगता सांगता संध्याकाळ झाली, आणि अजून ती गाडी सुरू व्हायची आहे. उरलेलं उद्या सांगतो म्हणालाय.